मामांकडचं कारवानी पिल्लू फ्लॅटमध्ये आणावं का?

पत्र असं आहे:

'डॉक्टर, आम्ही वाघोलीत दुसऱ्या मजल्यावर टू बीएचकेमध्ये राहतो. मुलगी साडेचार वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा, नुकताच रांगायला लागलाय. दोघंही नोकरी करतो, माझं आठवड्यातून तीन दिवस घरून काम असतं. सासूबाई वर्षातले पाच-सहा महिने आमच्याकडे असतात. अहमदपूरजवळ नवऱ्याच्या मामांचं शेत आहे आणि त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या कारवानी कुत्री आहेत. त्यातली एक नुकतीच व्याली. मामा म्हणाले, एक पिल्लू तुम्हाला. तेव्हापासून नवऱ्याचे पाय जमिनीवर नाहीत, लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या त्याने या कुत्र्यांबरोबर काढल्यात. तो म्हणतो, हे कुत्रं घरात एकदम शांत असतं. नेटवर वाचलं तर लिहिलंय की याला पळायला रान लागतं, फ्लॅटमध्ये ठेवूच नये. खरं काय? त्यापेक्षा लॅब्राडॉर बरा का? मुलीला कुत्री फार आवडतात, मलाही भीती वगैरे नाही. पण सगळं शेवटी माझ्याच अंगावर येईल असं वाटतं. – एक आई.'

ताई, उत्तर आधी सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. या वर्षी नको. धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत तरी नको. आणि त्यानंतरही आणायचं की नाही, हे कुत्र्यावर कमी आणि एका गोष्टीवर जास्त अवलंबून आहे. तिच्याकडे येतोच.

हे लिहिताना मला वाईट वाटतंय, हेही सांगायला हवं. मी मूळचा उदगीरचा. आमच्याकडे दावणीला देवणी आणि अंगणात कारवानी असायचं, त्यामुळे तुमच्या मिस्टरांना काय होत असेल ते मला चांगलं ठाऊक आहे. पहाटे बांधावरून धावणारं ते कुत्रं ज्याने लहानपणी पाहिलंय, त्याला दुसरं कुठलं कुत्रं कुत्रं वाटतच नाही. लातूर-धाराशिवकडे कारवानी म्हणतात, केसाळ कानाशेपटीचं असेल तर पश्मी. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात त्याच घराण्याला मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही कुत्री नावारूपाला आणली, पुढे २००५ साली मुधोळ पोस्टाच्या तिकिटावरही झळकला. व्यापाऱ्यांच्या काफिल्यांबरोबर पश्चिम आशियातून आलेल्या कुत्र्यांचा हा वंश, असं म्हणतात. काफिला म्हणजे कारवाँ, म्हणून कारवानी.

आता तुमचा पहिला प्रश्न. मिस्टर बरोबर की नेट? दोघंही.

कारवानी हे नजरेवर शिकार करणारं कुत्रं. अल्सेशियन किंवा लॅब्राडॉर नाकाने जग समजून घेतात, हे डोळ्याने. लांब, निमुळतं डोकं, खोल छाती, आत गेलेलं पोट. खांद्यापाशी सव्वादोन फुटांच्या आसपास उंची आणि वजन मात्र पंचवीस किलोच्या आगेमागे. ही सगळी घडण एकाच कामासाठी आहे: लांबवर ससा हलला की दिसला पाहिजे आणि मिनिटाभरात गाठता आला पाहिजे. म्हणून याचा उत्साह लॅबसारखा दिवसभर घरभर सांडत नाही. दोनदा जीव तोडून पळणं आणि बाकीचा दिवस सावलीत आडवं होणं, असा त्याचा हिशेब असतो. शेतावर मिस्टरांनी पाहिलं ते हे आडवं झालेलं कुत्रं. 'घरात शांत असतं' हे शंभर टक्के खरं आहे, पण ती शांतता सकाळच्या धावण्यातून येते. पहाटे ते कुत्रं तीन शेतं ओलांडून आलेलं होतं, तेव्हा तुमचे मिस्टर बहुधा गोधडीत होते.

धावणं काढून घेतलं तर काय होतं, ते मी स्वतः करून बसलोय.

परभणीहून पशुवैद्यकीची पदवी घेऊन मी पुण्यात आलो आणि दोन-तीन वर्षांनी, बिऱ्हाड जरा स्थिर झाल्यावर, गावाकडून हरणी नावाची कुत्री घेऊन आलो. तेव्हा ती दहा महिन्यांची होती, माझी मुलगी तीन वर्षांची. तळमजल्याचं घर, पुढे वीतभर बाग. मी डॉक्टर, मला कोण शिकवणार! रोज सकाळी पाऊण तास पट्ट्याला धरून चालवायचो आणि स्वतःवर खूश असायचो. महिन्याभरात हरणीने सोफ्याचा एक हात खाल्ला. तो राग मी गिळला. मग एका संध्याकाळी मैदानाच्या कडेने चाललो होतो. वाऱ्याने एक पांढरी प्लॅस्टिकची पिशवी उडाली. हरणी क्षणभर ताठ झाली, पुढचा पाय उचललेला, कान मागे. मी 'ए' म्हणेपर्यंत माझ्या हातात पट्टा होता आणि पट्ट्याला नुसता गळपट्टा लोंबत होता. यांची मान डोक्याइतकीच जाड असते, साधा गळपट्टा कानांवरून सर्रकन निघून येतो. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं आणि गावाकडे तर गळपट्टाच नसायचा.

तीन तासांनी ती कालव्याच्या कडेला सापडली. चारही तळव्यांची कातडी सोलून निघालेली. वाटेत दोन मोठे रस्ते तिने कसे ओलांडले, देव जाणे. पुढच्याच महिन्यात मी तिला गावी भावाकडे सोडून आलो. तिथे ती अकरा वर्षं छान जगली. माझी मुलगी मात्र कितीतरी दिवस दारात बसून विचारायची, हरणी कधी येणार? कुत्रं आणण्याआधी 'परत पाठवावं लागलं तर मुलांना काय सांगणार' याचा विचार कुणीच करत नाही. मीही केला नव्हता.

तर ती एक गोष्ट म्हणजे कुंपण घातलेली मोकळी जागा. निदान अर्धा एकर, भिंत किंवा जाळी पाच-सहा फुटांची, आणि रोज जाता येईल इतकी जवळ. वाघोलीत तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर अशी जागा आहे का? नगर रस्त्याच्या कडेला पट्टा सोडून पळवायचं कुत्रं हे नव्हे. हाक मारली की परत येईल, हा भरवसा लॅबबाबत शिकवून मिळवता येतो. कारवानीच्या नजरेत एकदा मांजर भरलं की त्याच्या कानात तुमची हाक शिरतच नाही. त्यात हट्टीपणा नाही, पिढ्यान् पिढ्या माणसाची वाट न पाहता स्वतः निर्णय घेणारीच पिल्लं निवडली गेली, त्याचा हा परिणाम. (ससा मारणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पण कुत्र्याच्या डोळ्यांना ते कोण सांगणार?) सोसायटीची बाग यात धरू नका. तिथे मुलं खेळतात.

मुलांवरून दुसरी गोष्ट, आणि इथे जरा थांबतो, कारण नेटवर 'मुलांशी मायाळू' असा एक शेरा मारून सगळे पुढे जातात.

कारवानी चावरं नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये या कुत्र्याने लहान मुलाला फाडलंय असं मी पाहिलेलं नाही. पण ते अंगाशी लगट करणारं कुत्रंही नाही. घरच्यांवर जीव टाकतं, परक्याचा हात अंगावर आला की बाजूला सरकतं. तपासायला आणलेलं कारवानी टेबलावर कसं उभं राहतं, ते कधी पाहा. गुरगुरत नाही, झटापट करत नाही, नुसतं लाकडासारखं ताठ होतं आणि तोंड भिंतीकडे वळवतं. मला ती भाषा कळते. साडेचार वर्षांच्या मुलीला कशी कळेल? तिला कुत्रं आवडतं म्हणजे तिला कुत्र्याच्या गळ्यात पडायला आवडतं. तिच्या वाढदिवसाला येणाऱ्या दहा मैत्रिणींनाही तेच आवडणार. कुत्र्याने ओठ चाटले, जांभई दिली, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसू लागलं, की त्याचा अर्थ 'मला सोडा'. ते वाचणारं एक मोठं माणूस दर वेळी खोलीत हवं. दर वेळी म्हणजे दर वेळी. स्वयंपाकघरात दूध उतू जाताना 'दोन मिनिटं' म्हणून जाणं, त्यातच सगळे अपघात होतात.

शिवाय धक्का. पंचवीस किलोचं कुत्रं वेगात येऊन पंधरा-सोळा किलोच्या पोरीवर आदळलं, तर त्याच्या मनात माया असली काय नि नसली काय, पोर उताणी पडते. पळणारं, किंचाळणारं मूल पाहून मागे धावणं तर त्याच्या हाडामांसात आहे.

आणि धाकटा. दोन महिन्यांचं पिल्लू आणि दहा महिन्यांचं बाळ, दोघांचाही संसार फरशीवर. पिल्लाच्या पोटात जंत जन्मापासून असू शकतात, आईकडूनच येतात. म्हणून बारा आठवड्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध द्यायचं. पिल्लू दर तासा-दोन तासांनी शू करणार. कुठे? बाहेर न्यायचं नाही, कारण लसींचा कोर्स सोळा आठवड्यांपर्यंत चालतो आणि तोवर रस्त्यावर पार्व्हो-डिस्टेंपर या रोगांची भीती असते. म्हणजे दीड-दोन महिने सगळं घरातच, बहुधा हॉलमध्ये, जिथे बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतंय. त्यानंतर चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे दुधाचे दात पडतात, तेव्हा ते सुईसारख्या दातांनी चावत सुटतं. राग म्हणून नव्हे, हिरड्या शिवशिवतात म्हणून. तरी चावा तो चावाच. दात लागून कातडी फुटली तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी मुलाला डॉक्टरकडे न्यायचं. 'आपलंच पिल्लू आहे' म्हणून हळद लावून बसायचं नाही. पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांनंतर मिळते, हे लक्षात ठेवा.

घाबरवतोय असं वाटेल. तसं नाही. घरात दोन मोठी माणसं दिवसभर मोकळी असतील तर हे सगळं होतं, लोक करतात, मुलं त्या कुत्र्यांबरोबर सुंदर वाढतात. तुमच्याकडे कोण मोकळं आहे?

लॅबचं पटकन सांगतो. तुमच्या परिस्थितीत लॅब हा सोपा पर्याय नाही, फक्त ओळखीचा आहे. न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात कोळ्यांची जाळी ओढायला मदत करणाऱ्या कुत्र्यांचा तो वंशज. माणसावर प्रचंड जीव, शिकायला हुशार, मुलांच्या धसमुसळेपणाला पुरून उरणारा. पण दोन-अडीच वर्षांचा होईपर्यंत घरात तिशीतल्या किलोंचं वादळ. केस बारा महिने गळणार, पोळीच्या डब्यावर डोळा कायम. बऱ्याच लॅबमध्ये भूक शमल्याची जाणीवच कमी करणारा जनुकीय दोष असतो, केंब्रिजच्या संशोधकांनी तो २०१६ मध्ये दाखवून दिला. त्यामुळे सासूबाईंनी मायेने दिलेली अर्धी पोळी त्याच्या कमरेवर जाऊन बसते आणि मग सांध्यांचं दुखणं. या बाबतीत कारवानी उलटं. ते बेताचंच खातं, केस बारीक, वास नाही, पुण्याचा मे महिना सहज सोसतं. फक्त त्याच्या बरगड्या दिसतात आणि लिफ्टमध्ये रोज कुणीतरी विचारतं, 'याला खायला देत नाही का हो?' कातडीही कागदासारखी पातळ. काटेरी तारेत अडकून उभी फाटलेली कारवानी मी इतक्यांदा शिवलीयत की टाके घालताना आता मोजत नाही.

सोसायटीची चिंता तुम्ही लिहिली नाही, तरी एक ओळ: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांनुसार सोसायटीला कुत्रं पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही अडवता येत नाही. महापालिकेचा परवाना मात्र काढावा लागतो, त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला जवळ ठेवायचा. सेक्रेटरी हा तुमचा प्रश्न नाही.

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे.

'सगळं शेवटी माझ्याच अंगावर येईल.' लॅब, कारवानी, फ्लॅट हे सगळं लिहून झाल्यावर तुम्ही ती ओळ घातलीत. माझ्या क्लिनिकमध्ये हे मी रोज पाहतो. कुत्रं 'ह्यांनी' आणलेलं असतं, पण लसीची तारीख, गोचीड, जुलाब, पावसाळ्यात ओलं कुत्रं पुसायचं फडकं, हे सगळं ताईंना पाठ असतं. तुमचं घरून काम म्हणजे घरात कुणीतरी आहे, असा हिशेब धरला जातो. बाळाचा हिशेब तसाच धरला गेलाय की नाही, ते तुम्ही जाणता. कारवानीला सकाळी साडेपाचला आणि संध्याकाळी उजेड असेतो, असं दोन वेळा बाहेर नेणं, जाऊन-येऊन धरलं तर रोजचे दोन तास होतात. हे बारा-तेरा वर्षं. मुलीची दहावी होऊन जाईल.

म्हणून माझी सूचना मिस्टरांसाठी आहे, हे पत्र त्यांना वाचायला द्या. भाऊ, उद्यापासून दोन महिने रोज पहाटे साडेपाचला उठा आणि तासभर घराबाहेर राहा. संध्याकाळी पुन्हा. मीटिंग असो, पाऊस असो. नुसते फिरू नका, त्या तासांत वाघोलीच्या आसपास कुंपणाची मोकळी जागा शोधा. एखादा बिल्डरचा पडीक प्लॉट, ओळखीच्या कुणाचं फार्महाऊस, शाळेचं मैदान सकाळी उघडून देईल असा शिपाई. मालकाशी बोला, त्याची परवानगी आहे का ते पाहा. जागा सापडली आणि साठ दिवसांत तुमचा पन्नास दिवस तरी खाडा झाला नाही, तर माझं 'नको' मी 'धाकटा तीनचा झाल्यावर बघू' असं बदलतो. जागाच सापडली नाही, तर ते उत्तर तुम्हाला माझ्याकडून ऐकावं लागणार नाही.

दरम्यान पिल्लू मामांकडेच राहू दे. नाव मात्र तुम्हीच ठेवा, मुलीला ठेवू द्या. मामांना लस आणि जंताच्या औषधाचे पैसे दर महिन्याला पाठवा. गावाकडे कुत्र्याला लस टोचण्याची पद्धत नाही, निदान या एका पिल्लाच्या निमित्ताने सगळ्या वेताला रेबीजची लस मिळेल. दिवाळीत आठ दिवस अहमदपूरला जा. मुलीला शिकवा, कुत्र्याजवळ आपण जायचं नाही, बसून राहायचं, त्याला यायचं असेल तर ते येईल. आलं तर हात छातीपाशी, डोक्यावर नाही. जेवणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याच्या वाटेला जायचं नाही. आठ दिवसांत ती शिकते. आणि पहाटे तिला उठवून बांधावर न्या, त्यांना पळताना पाहू दे. ते फ्लॅटमध्ये दिसणार नाही.

घरात कुत्रं हवंच, दोन वर्षं थांबवत नाही, असं झालं तर कुठलंच पिल्लू आणू नका, कुठल्याही जातीचं. एखाद्या निवाऱ्यातलं चार-पाच वर्षांचं, लसीकरण झालेलं, मुलांच्या घरात राहिलेलं गावठी कुत्रं पाहा. मध्यम अंगाचं, अर्ध्या तासाच्या फेरीवर समाधान मानणारं. दोन-तीनदा मुलांना घेऊन भेटायला जा आणि त्याचं मुलांकडे पाहून काय होतं ते बघा, मुलांचं त्याच्याकडे पाहून काय होतं ते नाही. तिथल्या लोकांना विचारा, हे कुत्रं आधी कुणी परत आणून सोडलंय का, आणि का. खरं सांगतात.

राहता राहिला मामांना फोन. मामा थोडे नाराज होतील, 'पुण्याला गेली न् कुत्र्यालाही घाबरायला लागली' असं म्हणतील. माझे काकाही म्हणाले होते. तो फोन तुम्ही करू नका, ताई. मिस्टरांना करू दे.